खास प्रतिनिधीचे आजोबा

माशेल, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

माझा ब्लॉगवरचा लेख एका दैनिकाने उगम न सांगता उचलला असं परवा फोनवर सांगितलं, तर "बातमीवर कुणाची मालकी नसते रे, आणि नाव छापायला जागा कुठे असते" एवढं म्हणून तू विषय मिटवलास. वर्तमानपत्राच्या डेस्कवर केस पिकवलेल्या माणसाशी फोनवर वाद घालणं मला जमत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी प्रकरण सांगतो. तू पुण्यात वाढलास, त्यामुळे खाजन शेती तुला ऐकूनच माहीत. ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. पूर्वजांनी मातीचे बांध घालून ती खाऱ्या पाण्यातून सोडवली. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीला पाण्याच्या दाबानेच ते मिटतं, ओहोटीला उघडतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर मासळी आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात. तिथे जाळं लावायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जातो. गोम इथेच आहे. जास्त मासळी आत यावी म्हणून काही ठेकेदार भरतीलाही दार उघडं ठेवतात. खारं पाणी शेतात साचून राहतं, कोरगुटासारखं खारेपणा सोसणारं भातसुद्धा हात टेकतं, शेत पडीक पडतं आणि हळूहळू तिथे खारफुटी माजते.

हे सगळं मी ब्लॉगवर लिहिलं. त्यासाठी ओहोटीच्या वेळा बघून रात्री-अपरात्री बांधावर बसलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यांना बोलतं केलं. नाव नको, गावही नको, ही त्यांची अट. ती मी पाळली. काही दिवसांनी एका दैनिकात तीच हकिगत आली, 'खास प्रतिनिधी'च्या नावे. वाक्यंच्या वाक्यं माझी. मी लिहिलं होतं, 'आमच्या आजोबांच्या वेळची ही मानस'. त्यांनी 'आमच्या' तेवढं काढलं, आजोबा ठेवले. आता हे कुणाचे आजोबा, ते खास प्रतिनिधीलाच ठाऊक!

एवढंच असतं तर हसून सोडलं असतं. पण त्यांनी गावाचं नाव घातलं. एवढ्याशा गावात बांधावर कोण बोललं असेल हे कळायला कितीसा वेळ लागतो? ठेकेदाराची माणसं त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. शिवाय पावणीचा सगळा भाग गाळून मथळा दिला तो शेतकऱ्यांच्या निष्काळजीपणाचा. ते म्हातारे मला एवढंच म्हणाले, "तुवें उतर दिल्लें न्हय?" म्हणजे, तू शब्द दिला होतास ना? मी काय सांगणार? गावाचं नाव मी लिहिलं नव्हतं, पण ते तिथवर पोचलं माझ्याच लेखावरून. त्यावर कडी म्हणजे आमचा एक नातेवाईक विचारतो, "पेपरात आलं तेच तू उतरवलंस ना?"

आता तुझं मालकीचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. घटना कुणाच्या नसतात. कल्पना, विषय, ऐतिहासिक तथ्यं यांवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. मानस उघडी राहते ही बातमी उद्या तुझ्या वार्ताहराने स्वतः बांधावर जाऊन दिली तर मी टाळ्या वाजवीन. पण वाक्यं माझी आहेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती लिहिली त्या क्षणापासून माझी, नोंदणी केली नाही तरीही. कलम 57 तर म्हणतं की हक्क विकून टाकला तरी लेखक म्हणून ओळख सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. एक पळवाट मात्र मला नव्याने कळली. चालू सामाजिक, राजकीय विषयांवरचा लेख वर्तमानपत्राला पुन्हा छापता येतो, जर लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर. म्हणून आता प्रत्येक लेखाखाली 'पुनर्मुद्रणाचे हक्क राखीव' लिहितो. दिसतं आगाऊ, पण इलाज नाही.

प्रेस कौन्सिलचे नियम तुला माझ्यापेक्षा पाठ असतील. दुसऱ्याचं लेखन किंवा कल्पना उगमाचा उल्लेख न करता आपली म्हणून छापणं हा पत्रकारितेच्या नीतीविरुद्ध गुन्हा, असं त्यात साफ लिहिलंय. पण कौन्सिलच्या हातात काय? ताकीद, समज, निंदा. दंड नाही. आणि वाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत.

जागा नसते, हे तुझं कारण मात्र मला पटत नाही. पीटीआय या वृत्तसंस्थेचं नाव छापायला जागा मिळते ना? तिथे वर्गणी भरलेली असते, करार असतो. ब्लॉगवाला हौशी, त्याला कोण विचारतो! अमेरिकेत जोश मार्शलच्या टॉकिंग पॉइंट्स मेमो या ब्लॉगला सरकारी वकिलांच्या बडतर्फीच्या बातम्यांसाठी 2008 साली पत्रकारितेचा जॉर्ज पोक पुरस्कार मिळाला होता. मी काही त्या पंगतीतला नव्हे. पण हौशी माणूसही बातमी खणून काढतो, एवढं तरी कबूल कर.

आणि मला नाव मिरवायला नकोय, हे तुला कळायला हवं. उगम सांगायचा म्हटला असता तर त्या उपसंपादकाला मला एक फोन करावा लागला असता. मी म्हटलं असतं, गाव घालू नका. त्याने माझं ऐकलं नसतं तरी वाचकाला मूळ लेख शोधता आला असता आणि पावणीचा भाग तिथे सापडला असता. आता ते म्हातारे माझ्याशी बोलत नाहीत. दुसरे दोघे बोलायला तयार होते, तेही मागे सरले. पुढच्या लेखाचं साहित्यच आटलं.

संपादकांना पत्र लिहिलंय, सोबत जोडतोय. मला नुकसानभरपाई नको. दोन गोष्टी हव्यात: वेबसाइटवरच्या बातमीतून गावाचं नाव काढा, आणि लिलावाबद्दल खुलासा छापा. माझं नाव त्यानंतर. पत्रातली भाषा जरा चढलीय असं इथे घरी म्हणतात. तू कात्री लाव, पण त्या दोन मागण्यांना हात लावू नकोस. आणि चवथीच्या आधी परत पाठव, कारण सणात इथे कुणी कुणाचं पत्र वाचत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माशेलचा मित्र