भांडणाचा ठेका

प्रिय सुहास,

हॉलिवूडचे ते जुने कृष्णधवल ‘स्क्रूबॉल’ सिनेमे, म्हणजे नायक-नायिकेच्या झटपट भांडणांवर चालणारे विनोदी सिनेमे, अजून शिळे का होत नाहीत, असं विचारलंस. स्क्रूबॉल हा मूळचा बेसबॉलचा शब्द: नेहमीच्या उलट वळणारा चेंडू. आपला गुगलीच म्हण ना. माझ्या मते त्यांचं भांडवल गोष्ट नाही, वेग आहे. आणि तो वेग मोजूनमापून बांधलेला असतो.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) घे. तो ज्या नाटकावरून घेतला, त्यात संपादक आणि बातमीदार दोघेही पुरुष. हॉक्सने बातमीदाराची बाई केली, तीही संपादकाची घटस्फोटित बायको. झालं! नोकरीचं आणि संसाराचं भांडण एकाच वाक्यात मावायला लागलं. पण दोघं एकदम बोलली की नेमकं कामाचं तेच बुडतं. त्यावर हॉक्सची तोड साधी होती: वाक्याच्या आगेमागे दोन-चार बिनकामाचे शब्द चिकटवायचे. समज, “अगं पण ऐक तरी, गाडी चारला सुटते, सांगून ठेवतो तुला.” समोरच्याने कडेच्या शब्दांवर चढायचं, ‘गाडी चारला सुटते’ला हात लावायचा नाही. तेव्हा मल्टीट्रॅक, म्हणजे प्रत्येकाचा आवाज वेगळा टिपून नंतर जुळवायची सोय, नव्हता. सेटवर अनेक माइक, आणि जो बोलेल त्याचा चालू, बाकीचे बंद. तालीम कच्ची असली की टेक वाया.

रंगभूमीवर नट हशा घेऊन पुढे जातो. इथे कुणी थांबत नाही, म्हणून दुसऱ्यांदा पाहताना नवं काही सापडतं.

हॉक्सच्याच ‘ब्रिंगिंग अप बेबी’च्या (१९३८) वेळी नायिका कॅथरीन हेपबर्न सुरुवातीला विनोद ‘करायला’ बघत होती, आणि तिथेच फसत होती. हॉक्सने वॉल्टर कॅटलेट या मुरलेल्या विनोदी नटाला तिला शिकवायला लावलं. धडा एवढाच: गंभीरपणे कर. हॉटेलातला प्रसंग बघ. नायक कॅरी ग्रँटच्या पायाखाली येऊन तिचा झगा मागून फाटतो. तिला पत्ताच नाही. ती त्यालाच झापतेय आणि तो हॅटने झाकतोय. कळल्यावर दोघं एकामागे एक, अगदी चिकटून, पाऊल जुळवत बाहेर पडतात. इथे चेहऱ्याचा क्लोजअप घेतला असता तर मजा मेली असती. पाय दिसायलाच हवेत. (तरी तेव्हा स्टुडिओला तोटाच झाला!) या सिनेमांच्या नकला करणारे मात्र नटाला डोळे मिचकवायला लावतात आणि वर गमतीदार संगीत वाजवतात.

आधी ‘हिज गर्ल फ्रायडे’च बघ, ९२ मिनिटांचा आहे. पहिल्यांदा सबटायटल लाव, दुसऱ्यांदा काढ. आणि जेवताना लावू नकोस; पोळीचा तुकडा मोडेपर्यंत चार वाक्यं निघून जातात.

तुझा,
मिलिंद