आमच्या वाडीच्या आशाताईंना, सगळ्यांसमोर थँक्यू

ताई, नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता असं सगळ्यांसमोर लिहितेय त्याला कारण आहे. साप चावलेलं आमचं पोरगं वाचलं त्याचं श्रेय आत्तापर्यंत बऱ्याच जणांना देऊन झालंय. आईनं खंडोबाला दिलं, दादानं जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दिलं (त्यांचे उपकार आहेतच, त्यात वादच नाही), आणि भावकीतल्या एकानं तर स्वतःच्या बोलेरोला पण देऊन टाकलं, घाटात कशी पळवली वगैरे. तुम्ही वाडीच्या आशा, म्हणजे घरोघरी आरोग्याचं काम बघणाऱ्या, पण तुमचा विषय निघाला की म्हणतात, हो, त्या पण होत्या की बरोबर. हे "त्या पण" मला जाम खटकतंय. मी त्या पहाटे तिथं होते, मला माहितीय कुणी काय केलं ते, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पावसाळ्यात मी माहेरी गेले होते, रात्रभर लाईट नव्हती, उकडत होतं म्हणून पोरं पडवीत खाली सतरंजी टाकून झोपली. पहाटे भाचा उठला तो पोटात दुखतंय म्हणून, मग उलटी. आदल्या दिवशी बाजारातली भेळ खाल्ली होती त्यामुळं सगळ्यांनी भेळेला शिव्या घातल्या, ओवा दिला, हिंग लावलं. कुठं रक्त नाही, सूज नाही, चावल्याची खूण नाही. वहिनीनं तुम्हाला फोन केला तो सुद्धा ओआरएसच्या पुड्या आहेत का म्हणून. तुम्ही पुड्या आणि टॉर्च घेऊन भिजत आलात.

आणि तुम्ही आल्या आल्या जे केलं ते मी अजून लोकांना करून दाखवते. त्याच्या तोंडासमोर बोट धरलंत आणि म्हणालात, बाळा माझ्या बोटाकडं बघ, वर, अजून वर. तो बिचारा कपाळाला आठ्या घालून, भुवया ताणून बघायचा प्रयत्न करत होता पण पापण्या काही वर जाईनात. आम्हाला वाटत होतं झोपेत आहे. तुम्ही विचारलंत, मान उचलता येते का, थुंकी गिळता येते का, आणि मग, रात्री झोपला कुठं होता? आम्ही इतकी माणसं तिथं जमलेलो, हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. खाली, म्हणाली वहिनी. तुम्ही एवढंच बोललात, "गाडी काढा, मण्यार असणार."

त्यानंतर जो गोंधळ झाला तो पण लिहायलाच पाहिजे. पान लागलंय, म्हणजे साप चावलाय, म्हणल्यावर वाडीतल्या प्रत्येकाला सगळं येत होतं. एकानं सुतळी आणली दंडाला करकचून बांधायला (चावलंय कुठं तेच माहीत नाही आणि बांधायला निघाले). एकजण ब्लेड घेऊन. एक आजी म्हणाल्या कडुलिंबाचा पाला चावायला द्या, कडू लागला तर विष नाही. कुणी म्हणालं कोंबडी लावा. ज्याला गिळता येत नाही त्याला तूप-मिरी पाजायला निघालेले लोक बघितलेत मी. आणि भगताला आणायला मोटारसायकल तर आपली गाडी निघायच्या आधीच गेली होती.

लोक म्हणतात अज्ञान म्हणजे अंधार, काही माहीत नसणं. मला तसलं काही दिसलंच नाही त्या दिवशी. काहीच माहीत नसतं ना, तर घाबरून का होईना थेट दवाखाना गाठला असता. इथं प्रत्येकाला खात्रीनं माहीत होतं, प्रत्येकजण ओरडून सांगत होता, आणि त्या सगळ्यांचं ऐकायचं म्हणलं असतं तर सकाळचे आठ वाजले असते. वेळ जातो तो असा.

भगत आले तेव्हा मला वाटलं आता भांडण पेटणार. आईनं तर पाय धरले त्यांचे. मी तुमच्या जागी असते तर अंधश्रद्धा, कायदा, सगळं काढलं असतं. कायदा आहेच म्हणा, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर इतकी वर्षं अडकून पडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. त्याच्या यादीत अगदी स्पष्ट लिहिलंय की साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचार घेऊ न देता त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. पण तुम्ही कायदा काढला नाही. तुम्ही म्हणालात, "बाबा, तुम्ही पण चला. मंत्र गाडीत म्हणा, पण गाडी थांबवायची नाही." आणि ते खरंच बसले की हो पुढच्या सीटवर! आईचा जीव शांत झाला, गाडी निघाली, पाचएक मिनिटं पण गेली नसतील त्यात. ताई, ही अक्कल कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात?

गाडीत तुम्ही त्याला कुशीवर झोपवून धरलात, तोंडातली लाळ पदरानं पुसत, आणि दुसऱ्या हातानं आरोग्य केंद्रात फोन, की पोरगं आणतेय, मण्यारीचं वाटतंय, पापण्या पडल्यात, इंजेक्शनं काढून ठेवा आणि 108 ला सांगा पुढं न्यायला लागेल. म्हणून आम्ही पोचलो तेव्हा सलाईन लावायचीच बाकी होती. तिथल्या सिस्टरनी त्याचं वय बघून डोस कमी केला नाही, मोठ्या माणसाला देतात तेवढ्याच, दहा बाटल्या. मी घाबरून विचारलं पण, एवढंसं पोर आहे हो. तेव्हा त्या म्हणाल्या, साप काय लहान पोर बघून कमी विष सोडतो का? पुढं 108 मध्ये डॉक्टर फुगा दाबून श्वास देत होते आणि जिल्ह्याला व्हेंटिलेटर.

नंतर मी खूप वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि तुम्ही त्या टॉर्चच्या उजेडात काय ओळखलं होतं ते तेव्हा कुठं कळलं. मण्यार रात्रीची फिरते, उंदीर नाहीतर दुसरे साप शोधत घरात शिरते, खाली झोपलेल्या माणसाला चावते. दात एवढे बारीक की बऱ्याचदा झोप पण मोडत नाही आणि खूण पण दिसत नाही. घोणस किंवा फुरसं चावलं की सूज येते, रक्त साकळत नाही, ते दिसतं तरी. (त्याची परीक्षा पण किती साधी, काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकी करून बघायची, रक्त पातळच राहिलं तर समजायचं.) मण्यारीचं तसं काही नाही, तिचं विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोपच तोडतं. आधी पापण्या, मग गिळणं, मग छाती. एकदा नसांची टोकं खराब झाली की औषध ती दुरुस्त करू शकत नाही, फक्त रक्तात उरलेलं विष थोपवतं, बाकीचं शरीर आपलं आपण भरून काढेपर्यंत मशीनवर श्वास द्यायचा. म्हणून लवकर. आमचा तासभर जरी अजून गेला असता कडुलिंब चावण्यात तर पुढचं लिहवत नाही.

अजून एक सांगायचंय जे तुम्हाला पण कदाचित कुणी सांगितलं नसेल. व्हेंटिलेटरवर तो पूर्ण निपचित होता, डोळे नाहीत, बोट नाही, काही नाही, आणि आमच्यातले एक काका मोठ्यानं म्हणाले की आता काही राहिलं नाही, घरी न्यायचं बघा. त्याला सगळं ऐकू येत होतं! बरा झाल्यावर त्यानं काकांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले या विषात माणूस आतून जागा असू शकतो, फक्त हलू शकत नाही, म्हणून बघणाऱ्याला गेल्यासारखाच वाटतो. हे ऐकल्यापासून मला झोप लागत नाही नीट. यापूर्वी आपल्याकडं किती जणांना असं गेलं समजून घरी नेलं असेल.

देशाचा आकडा वाचलात तर हादराल. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं जवळपास 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, बहुतेक खेड्यातली आणि बरीचशी दवाखान्यात न पोचता घरीच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये याला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं, आपल्या केंद्र सरकारचा कृती आराखडा तर 2024 मध्ये आला. आणि औषध? ते तर शंभर वर्षांहून जुनं आहे, घोड्याच्या रक्तापासून बनतं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालतं. त्यासाठी लागणारं विष बरंचसं तामिळनाडूतले इरुळा आदिवासी काढून देतात, 1978 पासून त्यांची सोसायटी आहे. म्हणजे खेड्यापाड्यातल्या लोकांना काय कळतंय म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावं, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातली बाटली पण त्यांच्याच हातावर उभी आहे.

मग भगताकडं नेलेले बरे होतात ते कसे, हे मला आईनं विचारलं. बरोबर प्रश्न आहे. आपल्या देशात सापाच्या 300 च्या वर जाती, त्यातल्या विषारी साठेक. धामण चावली, दिवड चावला, कवड्या चावला तर मंत्र म्हणा नाहीतर पाढे म्हणा, माणूस बरा होणारच. विषारी साप पण कधी कधी नुसताच दात मारतो, विष सोडत नाही. ते सगळे "उतरले" म्हणून गाजतात आणि जे गेले त्यांच्याबद्दल म्हणतात उशिरा आणलं. आईला हे पटलं असं नाही म्हणणार मी. पण ती आता म्हणते, आधी दवाखाना मग अंगारा. चालेल मला.

आणि हे फक्त आपल्या वाडीचं आहे असं कुणी समजू नये. मी पुण्याला परत आले आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ही हकीकत टाकली तर एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी लगेच फॉरवर्ड पाठवला, अमुक औषधाचे तीन थेंब जिभेवर टाका, कुठल्याही सापाचं विष उतरतं, घरात ठेवाच. खाली हात जोडलेले, अंगठे, फुलं. इंजिनीअर माणूस आहे हो तो! मी लिहिलं की असलं काही करू नका, हात-पाय न हलवता थेट दवाखान्यात न्या, तर म्हणाले मॅडम, माहिती असणं वाईट नसतं. आता याला काय बोलायचं. मला कडुलिंबवाल्या आजी परवडल्या, त्यांनी निदान नंतर तुमच्या डोक्यावरून हात फिरवला.

तुमचं शिक्षण विचारून आमच्याच घरात कुणीतरी नाक मुरडलं होतं, आठवतं? दहावी झालेली काय सांगणार म्हणून. महाडच्या डॉ. बावस्करांचं वाचलंय का तुम्ही, कोकणात लाल विंचू चावून पोरं पटापट जायची तेव्हा ते सरकारी केंद्रात पेशंटच्या उशाशी बसून नाडी, बीपी लिहून ठेवायचे आणि त्यातूनच ब्लडप्रेशरची एक साधी गोळी त्यावर चालते हे शोधलं. लॅन्सेटमध्ये छापून आलं, 2022 ला पद्मश्री मिळाली. ते मोठे डॉक्टर, मान्य. पण नीट बघणं म्हणतात ते मला तुमच्या त्या बोटात दिसलं. ट्रेनिंगमध्ये एका दुपारी सांगितलेली गोष्ट, बाकीच्या बायका जेवणाच्या डब्याची वाट बघत असतील तेव्हा तुम्ही वहीत लिहून घेतलीत. ती वही मी बघितलीय, कव्हर फाटलेली, मधल्या पानावर निळ्या पेनानं "पापणी, पोटदुखी, जमिनीवर झोप = मण्यार, वाट बघू नये". लसीकरणाच्या यादीच्या मागं.

त्या वहीचे किती पैसे मिळतात तुम्हाला? मानधन किती महिने थकतं ते पण तुम्ही मला हसत सांगितलंत, मला काही हसू आलं नाही. रात्री-अपरात्री बोलवायला आशाताई आणि पगाराचं निघालं की "स्वयंसेविका". हे मी इथं लिहितेय म्हणून तुम्ही रागवाल, पण लिहिणार.

आपल्या वाडीत तुम्ही चार वर्षं सांगताय की पोरांना खाली झोपवू नका, खाटेवर मच्छरदाणी सगळीकडून आत खोचून झोपा, संडासला जाताना टॉर्च घ्या, सरपण घराला चिकटून रचू नका. ग्रामसभेत तुम्ही बोलायला उठलात की लोक तंबाखू मळायला घ्यायचे. आता ऐकतात म्हणे. दादा सांगत होता की परवा खालच्या आळीत एका बाईच्या पायाला फुरसं चावलं तर पोरांनीच पायाला फळी बांधून, चालू न देता, उचलून गाडीत घातलं आणि कुणी सुतळी काढली नाही. भगत बाबांनी म्हणे स्वतः फोन केला 108 ला. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की ऑफिसातच रडले.

ताई, भाचा शाळेत जायला लागलाय, आवाज अजून जरा घोगरा आहे पण बडबड पहिल्यासारखीच. तो तुम्हाला मण्यारताई म्हणतो, त्याला मी रागावलेय पण ऐकत नाही. तुम्ही पैसे घेणार नाही माहितीय म्हणून वाडीत ज्यांच्याकडं नाहीत त्यांच्यासाठी मच्छरदाण्या आणि चार्जिंगचे टॉर्च दादाकडं पाठवलेत, कुणाला द्यायचे ते तुम्हीच ठरवा, सरपंचांना फोटो काढू देऊ नका. आणि त्या वहीला एक चांगलं कव्हर पण ठेवलंय पिशवीत.

तुमची,
त्याची पुण्याची आत्या