मनूच्या पोस्टातून

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतोच, मग पत्र कशाला, असं बाबांना वाटेल. आमच्या घरात सध्या पोस्ट चालू आहे. पोस्टमास्तर चार वर्षांची आहे, तिचा डावा पाय मांडीपासून पंजापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, आणि आजी-आजोबांना पत्र कधी लिहिणार म्हणून ती दोन दिवस माझ्या मागे लागली होती. पाकिटावरचा शिक्का तिनेच मारलाय. खोडरबरावर मी मासा कोरून दिला, त्याचा तो ठसा.

आणि काही गोष्टी फोनवर बोलताच येत नव्हत्या, कारण मनूचे कान सतत आमच्याकडे असतात.

आई, तू दोनदा विचारलंस की नेमकी पडली कशी. मी "घसरगुंडीवरून" म्हणून विषय बदलला. ती पडलीच नाही गं. ती माझ्या मांडीवर होती. एकटी घाबरेल म्हणून मीच तिला पुढ्यात घेऊन घसरले. मध्येच तिच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडकला आणि माझं सगळं वजन मागून तिला खाली ढकलत राहिलं. पाय जागीच, अंग पुढे. नडगीच्या हाडाला पिळवटल्यासारखी तिरकी चीर गेली. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मुलांचं नडगीचं हाड मोडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. मूल एकटं असतं आणि पाय अडकला असता तर ते थांबलं असतं, फार तर कलंडलं असतं. त्याच्या एकट्याच्या वजनाने सहसा एवढा पीळ बसत नाही. मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. वहिनीला आजच सांग, बाळाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवर बसू नका म्हणावं. दादालाही सांग. आपण जपण्यासाठी घेतो आणि त्यानेच होतं.

पहिले तीन दिवस नुसते सुजेचे. उशांवर उशा ठेवून पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा. झोप लागली की पायाचे स्नायू झटका देत आणि ती किंचाळून उठायची. दर थोड्या वेळाने बोटं तपासायला सांगितलं होतं. गरम आहेत का, हलतात का, नख दाबलं की पांढरं होऊन दोनेक सेकंदांत परत गुलाबी होतं का. बोटं निळी-गार पडली, बधिर झाली किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, तर तडक हॉस्पिटल गाठायचं. पण मनू पायाला हातच लावू देईना. मग आम्ही हजेरी सुरू केली. पाच बोटांची पाच नावं तिनेच ठेवली. मी नाव पुकारते, ते बोट हलतं आणि मनू त्याच्या वतीने "हजर" म्हणते. धाकट्याचं नाव "झोपाळू", त्याला दोनदा हाक मारावी लागते. आता तर मी विसरले तर तीच आठवण करते.

त्या हजेरीने मला पहिल्यांदा काहीतरी उमजलं, पण त्याप्रमाणे वागायला आठवडा गेला. तोवर मी तिचं मन रमवण्याच्या मागे होते. नवी खेळणी, चित्रं, आणि टीव्ही तर तासन्‌तास. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त पडदा दाखवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय. मला ते ठाऊक होतं, तरी त्या आठवड्यात दुसरं काही सुचलं नाही. टीव्ही बंद केला की प्लास्टर भिंतीवर आपटायची. रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं, आणि प्लास्टर भिजू द्यायचं नाही म्हणून पुन्हा डायपर आणावे लागले. तिला त्याची लाज वाटायची. आजारपणात मुलं अशी चार पावलं मागे जातात आणि पुन्हा आपसूक पुढे येतात, असं नर्स म्हणाली, तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला.

एका संध्याकाळी मोज्यांचा ढीग तिच्या पलंगावर टाकून मी घड्या घालत होते. तिने एक मोजा उचलला, दुसरा शोधला, जोडी लावली. मग पुढची. पाऊण तास ती रडली नाही. तेव्हा लक्षात आलं, तिला करमणूक नको होती, काम हवं होतं. उठायचं कधी, बसायचं कुठे, अंघोळ कशी, सगळं आम्ही ठरवत होतो. हातात घेऊन "हे माझं" म्हणावं असं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं.

पोस्ट तिथून निघालं. पुठ्ठ्याचं खोकं, त्याला फट, आणि तिच्या उशाशी शिक्का. घरातला प्रत्येक निरोप आता तिच्याकडून जातो. ह्यांनी मला "दिवा बंद कर" एवढं सांगायचं असलं तरी चिठ्ठी लिहून खोक्यात टाकायची. तिला वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर चित्र हवं. शिक्का मारल्याशिवाय निरोप पोचत नाही, आणि कधीकधी ती सांगते, "आत्ता पोस्ट बंद आहे." मग आम्ही थांबतो. खरंच थांबतो.

पलंग खिडकीशी सरकवलाय. खाली कुत्रा दिसला की एक खडा वाटीत. संध्याकाळचे सहा-सात फार अवघड. दिवसभराची धावायची ताकद अंगात साठून राहिलेली असते. तेव्हा मोज्यांचे गोळे टोपलीत फेकायचे, फुगा हाताने वर उडवत ठेवायचा, हात थकेपर्यंत. रात्री टॉर्च लावून भिंतीवर सावल्या. एक खेळ दहा-पंधरा मिनिटांवर टिकत नाही, आणि टिकावा असा हट्टही मी सोडलाय.

बारीक वस्तू मात्र सगळ्या उचलून ठेवल्या. दुसऱ्या आठवड्यात तिने खाज सुटली म्हणून पेन्सिलीने आत खाजवलं आणि त्यातच एक मणी प्लास्टरमध्ये ढकलला गेला. आत राहिला असता तर कातडीला जखम झाली असती, म्हणून प्लास्टर कापून दुसरं घालावं लागलं. खाजेला आता हेअर ड्रायरची गार हवा देते, गरम अजिबात नाही.

ते कापणं मी विसरणार नाही. कुणी काही समजावलं नाही, थेट यंत्र सुरू केलं. त्या आवाजाने ती अशी ओरडली की माझेही हात थरथरत होते. नंतर विचारल्यावर कळलं की ते पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापलं जातं, मऊ कातडी त्याच्याबरोबर हलते म्हणून कापली जात नाही. एवढं तिला आधी सांगितलं असतं तर! येत्या गुरुवारी प्लास्टर निघणार आहे. म्हणून आम्ही तिच्या बाहुलीच्या पायाला कागदी पट्ट्या आणि खळ लावून प्लास्टर घातलंय. रोज मनू डॉक्टर होते, तोंडाने घर्रर्र करते आणि बाहुलीला सांगते, "आवाज मोठाय, पण तो चावत नाही."

बाबा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, लहान हाडं भराभर जुळतात. त्यांच्यावरचं आवरण जाड असतं आणि रक्तपुरवठा भरपूर, म्हणून जे मोठ्या माणसाला काही महिने घेतं ते हिचं साधारण सहा आठवड्यांत होतंय. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक दिसेल, कातडीचे पापुद्रे निघतील. ती आधी रांगेल, मग पुढचे काही आठवडे लंगडेल. हे सगळं असंच होतं म्हणे, आणि जबरदस्तीने चालवायचं नाही. तेव्हा फोनवर "चालून दाखव" म्हणू नका. आई, तूही नको. पायाचा विषयच काढू नका. पोस्ट कसं चाललंय ते विचारा.

आणि ह्या पत्राचं उत्तर पत्रानेच पाठवा, तिच्या नावावर. आजोबांनी चित्र काढायचंय, तिने बजावलंय. शिक्का नसेल तर ती घेणार नाही.

तुमची लेक