बिडाच्या खांबांवरचे गोदाम

महोदय,

जुन्या वास्तूंवरच्या लिखाणात राजवाड्यांना आणि प्रार्थनास्थळांना भरभरून जागा मिळते. व्यापारी गोदामांच्या वाट्याला ओळही येत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या जमैका स्ट्रीटवरचे गार्डनर यांचे गोदाम पाहिले की हा अन्याय खुपतो.

वास्तुविशारद जॉन बेअर्ड यांनी ते १८५५-५६ मध्ये फर्निचरच्या व्यापाऱ्यांसाठी बांधले. रस्त्याकडच्या बाजूला भिंत अशी जवळजवळ नाहीच. बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचे, सडपातळ खांब, त्यांवर कमानी आणि मधे काचच काच. दिवसाचा उजेड आतल्या मालापर्यंत पोचावा, ही व्यापाऱ्याची साधी गरज. तिच्यातून केवढे देखणे रूप निघाले! दगडाच्या भिंतीला एवढी मोठी खिडकी पेलली नसती.

बीड दाब उत्तम सोसते, ताणाला मात्र कच्चे. म्हणून खांबांना ते शोभते. तुळया वाकतात, त्यांच्या खालच्या अंगाला ताण येतो, तिथे घडीव लोखंडाची मदत घ्यावी लागते. या इमारतीच्या तुळयांत दोन्ही धातूंची सांगड आहे, आणि मला तरी तिचे खरे सौंदर्य तिथेच दिसते. आगीत तापलेल्या बिडावर थंड पाणी पडले तर ते तडकू शकते, हा त्याचा मोठा दोष. पुढे पोलाद आले आणि बीड मागे पडले.

आपल्या पुरवणीत अशा व्यापारी इमारतींवर सविस्तर लेख यावेत, रचनेच्या रेखाचित्रांसह, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक