सोसायटीत रविवारी दोन तास तरी गाडीचं काम करू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्याकडे 1998 ची मारुती 800 आहे, 796 सीसी, कार्ब्युरेटरवाली, 15 वर्षांनंतर रजिस्ट्रेशन रिन्यू करत करत चालवतोय आणि अजून मस्त चालते. गेल्या पावसाळ्यात सकाळी स्टार्टच होईना, सेल्फ मारला की नुसता कट्‌ कट्‌ आवाज, गॅरेजवाला म्हणाला अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा पार्ट) गेला, बदलावा लागेल. मी म्हटलं थांबा. बोनेट उघडून बघितलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पावडर साचलेली! आधी निगेटिव्ह काढलं मग पॉझिटिव्ह, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासलं, कोरडं करून घट्ट बसवलं, वरून व्हॅसलीन लावलं, आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू. खर्च शून्य.

पण हे करताना कमिटीचे लोक आले, कंपाउंडमध्ये रिपेरिंग चालणार नाही म्हणे. तेल सांडतं हे मान्य, पण टर्मिनल साफ करणं, एअर फिल्टर झटकणं, दाराच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करणं यात कसलं तेल सांडतं? आपल्या खाऱ्या हवेत ती भोकं बुजली की दार आतून गंजतं, मग पत्रा मारायला किती पैसे जातात ते विचारा कुणालाही. पार्ट अजून कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतात, हात लावायला जागा तेवढी मिळत नाही.

सोसायट्यांनी रविवारी सकाळी दोन तास परवानगी द्यावी, आणि महापालिकेने जुनं ऑइल जमा करायला वॉर्डात एक जागा द्यावी, म्हणजे कुणी ते गटारात ओतणार नाही.

– एक वाचक, मुलुंड