डिकी कापली रे शेवटी

प्रिय संज्या,

तुझा मेसेज दिवाळीत आला होता आणि मी "निवांत लिहितो" म्हणून सांगून मोकळा झालो, त्याला आता तीन महिने होऊन गेले. शिव्या घाल, हक्क आहे तुझा. इकडे बाहेर गुडघाभर बर्फ, साडेपाचलाच अंधार, मग जेवण झालं की मी तळघरात टेबलावर दिवा लावून बसतो आणि वर येतो तेव्हा ही झोपलेली असते. काय करतोय ते सांगतो, हसायचं नाही.

एक 1970 ची शेव्हेल एसएस 454 आहे, शेव्हरलेची अमेरिकन गाडी, म्हणजे खरी नाही, प्लॅस्टिकचं मॉडेल, 1/24 स्केलचं (खरीच्या चोविसाव्या भागाएवढं), मोनोग्राम कंपनीचा जुना किट. ती कापून मी तिची वॅगन करतोय, दोन दारांची. म्हणजे पुढून पाहिलं तर पूर्ण मसल कार, काळी ग्रिल, फुगीर बॉनेट, सगळा माज, आणि दाराच्या मागे टप सरळ शेवटपर्यंत गेलेला, तुझ्या बाबांच्या टाटा इस्टेटसारखा.

हो, इस्टेटच डोक्यात होती. गणपतीपुळ्याला गेलो होतो ते आठवतंय ना, मागची सीट पाडून आपण चौघं आडवे पडलेलो, आणि येताना आंब्याच्या पेट्या भरल्यावर आपल्याला बसायलाच जागा नव्हती, काका म्हणाले पेट्या वर्षातून एकदाच येतात, तुम्ही रोजच असता. त्या दिवसापासून मला वॅगन आवडते. लोकांना ती बोजड वाटते, मला नाही वाटत.

आणि गंमत बघ, अशी गाडी शेव्हरलेने त्या वर्षी विकलीच नव्हती. 1970 ला शेव्हेलच्या वॅगन होत्या, नोमॅड, ग्रीनब्रायर, कॉनकोर्स, कॉनकोर्स इस्टेट, पण सगळ्या चार दारांच्या आणि एसएसचा, म्हणजे सुपर स्पोर्टचा, बिल्ला एकीलाही नाही. दोन दारांची शेव्हेल वॅगन 1964 आणि 65 ला होती, मग बंद, कारण वॅगन घेणार कोण तर पोरंबाळं असलेला माणूस, त्याला मागची दारं हवीतच. एल कॅमिनोला मात्र, जिला मागे उघडा हौदा असतो, तिला एसएस 454 मिळालं. हौद्याला चालतं, वॅगनला नाही! पुढे 1973 ला एकच वर्ष शेव्हेलचीच मालिबू एसएस वॅगनमध्ये दिली, पण ती पुढच्या पिढीची, मला तो चेहरा नाही आवडत. इथे डेट्रॉइटजवळ ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, 1995 पासून चालू आहे, मी दरवर्षी खुर्ची टाकून बसतो आणि दरवर्षी हाच विचार करतो की ही गाडी असायला हवी होती. म्हणून माझी अट एकच, ही मी केलेली दिसता कामा नये, कारखान्यातून आलीये असं वाटलं पाहिजे. या एका अटीनेच जीव घेतलाय.

पहिलाच घोळ चाकांचा. 1968 पासून शेव्हेलच्या कूपेच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 112 इंच आणि चार दारवाली व वॅगनचं 116. हे चार इंच 24 ने भागले की सव्वाचार मिलिमीटर. मी म्हटलं जाऊ दे, सव्वाचार मिलिमीटर कोणाला दिसतंय. कागदाचा टप चिकटवून लांबून पाहिलं तर गाडी मागे बूड टेकून बसल्यासारखी दिसायला लागली, चाकामागे एवढं मोठं शेपूट. मग काय, दार संपतं तिथे आणि मागच्या चाकाच्या कमानीच्या आधी, या दोन्हींच्या मधे बारीक करवतीने बॉडी सरळ आडवी कापली. खरं सांगतो हात कापत होता, हा किट मी बारा वर्षं न उघडता सांभाळलेला. मधे प्लॅस्टिकची पट्टी भरली, मग खाली चेसिस कापली, मग सायलेन्सरचे पाइप, मग प्रोपेलर शाफ्ट, एक ठिकाणी सव्वाचार वाढवलं की सगळीकडे वाढवावं लागतं. शाफ्टला अॅल्युमिनियमची नळी वापरली. खालून कोणी बघणार नाही, मला माहितीये.

आता टप. संज्या, या कामात टप म्हणजेच सगळं, बाकी नुसती हमाली. कूपेचा टप मागे उतरत जातो, तो पुढच्या सीटच्या डोक्यावर कापला आणि पुढचा तुकडा ठेवला, कारण काचेवरची ती गोलाई मला हाताने जमली नसती. तिथून मागे एक मिलिमीटरचा स्टायरीन प्लॅस्टिकचा पत्रा टाकला, खाली फासळ्या दिल्या. दोन संध्याकाळी गेल्या. ही चहा घेऊन खाली आली, बघितलं आणि म्हणाली, "वैकुंठची गाडी का करतोयस?" मी चिडलो, पण ती बरोबर होती, हुबेहूब शववाहिकाच! त्यात रात्रभर झोप नाही.

मग कळलं चूक कुठेय. खऱ्या गाडीचा टप सपाट नसतोच, तो पुढून मागेही वाकलेला असतो आणि डावीकडून उजवीकडेही. पत्रा एका बाजूला वाकवलास की दुसऱ्या बाजूला वाकत नाही, तुझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर करून बघ. म्हणून तो टप उपटून फेकून दिला, लाकडाचा एक ठोकळा घासून आधी आकार केला आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या एकावर एक, थोड्या थोड्या सरकवून, तीन थर चिकटवले. पातळ सिमेंट म्हणून मॉडेलचा गोंद असतो, ब्रशने लावला की प्लॅस्टिकच वितळून एकजीव होतं, नुसतं चिकटत नाही. दोन दिवस दोऱ्याने बांधून ठेवला आणि नंतर घासून दुहेरी गोलाई काढली. आणि मागचं टोक दीड मिलिमीटर खाली घेतलं. दीड मिलिमीटर रे! तेवढ्याने वैकुंठची गाडी पळायला लागली.

कडा मात्र अजून सतावतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत 12 मिलिमीटर जाड पत्रा, रणगाडाच की. त्यामुळे काचेच्या चौकटीला आतून तिरकं तासत जायचं, बाहेरून दिसणारी कड सुरीसारखी पातळ करायची, बाकी जाड राहिलं तरी डोळा फसतो.

लांबीची, म्हणजे पुटीची, गोष्ट सांगायची राहिली. सांधे भरायला जी पुटी वापरली, तिच्यातला थिनर उडत उडत ती आठवडेच्या आठवडे आकसत राहते, हे मला माहीत होतं आणि तरी मी पाचव्या दिवशी प्रायमर मारला. मस्त करडी, गुळगुळीत, मी फोटो काढून तुला पाठवणारही होतो. तीन आठवड्यांनी दिव्याखाली धरली तर दाराच्या मागे ती कापलेली रेघ हलकीशी उमटलेली, भुतासारखी. म्हणजे जिथे माझी करामत लपवायची होती तिथेच बोट दाखवून उभी. लक्ष्मी रोडच्या मागचा तो डेंटर आठवला, काकांना सांगायचा की लांबी एकदम जाड मारली की साहेब पुढच्या उन्हाळ्यात दिसणारच. त्याचं ऐकायला हवं होतं. सगळं खरवडलं आणि यावेळी सांध्यात सुपर ग्लू आणि वर खायचा सोडा, तो क्षणात दगड होतो, आकसत नाही, फक्त लगेच घासायला घ्यावा लागतो नाहीतर आजूबाजूचं प्लॅस्टिक झिजतं आणि तो तसाच राहतो.

टेलगेट त्यामानाने सोपं गेलं. 1970 च्या शेव्हेलचे मागचे लाल दिवे बंपरमधेच आहेत, त्यामुळे वरचा सगळा भाग मोकळा, डिकीचं झाकण काढून एक सपाट तुकडा बसवला आणि सुईने फट कोरली. मागच्या काचेला स्ट्रॉबेरीचा प्लॅस्टिकचा डबा कापला, गरम पाण्यात धरून बाटलीवर वाकवला. बाजूच्या काचा सपाट, त्याही त्याच डब्याच्या. हिला वाटतं मला अचानक फळं आवडायला लागली.

इंजिनाचं काही विशेष नाही, किटमधलंच, 454 क्यूबिक इंच म्हणजे आपल्या भाषेत 7.4 लिटर, कागदावर 450 हॉर्सपॉवरचं एलएस6. भगवं रंगवलं, वायरी ओवल्या, झालं. लोक यातच महिना घालवतात, बॉनेट खाली असतं तेव्हा कोणाला काय दिसतं.

आता रंग उरलाय आणि तो एवढ्या थंडीत होणार नाही, स्प्रे गॅरेजमधे मारायचा तर तिथे पाणी गोठतंय. तोवर रंगाचा वाद चालू आहे. मुलगी म्हणते बाजूला लाकडी नक्षीचा स्टिकर लाव, जुन्या अमेरिकन वॅगनला असतो तसा. मला गडद हिरवा आणि बॉनेटवर दोन काळे पट्टे हवेत. लाकूड आणि पट्टे दोन्ही नाही चालणार, लग्नात टाय आणि फेटा दोन्ही घातल्यासारखं होईल. तू सांग, तुझं मत मी मानेन, किल्ल्याच्या वेळेला पण तटबंदीची माती तूच बरोबर मळायचास आणि माझा बुरूज पाडव्याच्या आत ढासळायचा.

आणि एक काम आहे, खरं तर त्यासाठीच आज लिहायला बसलो. मागचा हौदा रिकामा दिसतोय. स्टेपनी ठेवून बघितली, छान नाही दिसत. मला तिथे आंब्याच्या पेट्या ठेवायच्यात, दोन, जमलं तर तीन, लाकडाच्या, फटीतून गवत बाहेर आलेलं. इथे फोटो मिळतात पण मापं मिळत नाहीत. तुझ्या माळ्यावर काकूंनी एखादी जुनी पेटी नक्की ठेवलेली असणार, त्या काही टाकत नाहीत. लांबी, रुंदी, उंची आणि फळीची जाडी, एवढं टेपने मोजून पाठव, इंचात नको, मिलिमीटरमधे. 24 ने मी भागतो.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग चिडू नका म्हणून.

तुझा,
बंड्या

ता. क. पेटीवर खिळे ठोकलेले असतात की पट्टी मारलेली, तेही बघ.