लेकीला, जी आता साहेब झाली

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

धडगावकडच्या डोंगरातलं आरोग्य केंद्र तुझ्या हाती आलं म्हणून तुझे बाबा गल्लीभर सांगत फिरतायत. मला जे सांगायचंय ते तुटक्या रेंजमध्ये सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

आदिवासी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे २०,००० लोकसंख्या धरतात. पाडे विखुरलेले, नाल्याला पाणी आलं की वाट बंद. रात्री दोनला बाळंतिणीपाशी असते ती सिस्टर. तू तिथे नसताना ती काय करते, त्यावर तुझं केंद्र ओळखलं जाईल.

चोपडा तालुक्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून माझं आयुष्य गेलं. एका साहेबांनी भर ओपीडीत एका सिस्टरला "तुला काय कळतं?" असं सुनावलेलं मी पाहिलंय. गरोदर बाईचा बीपी पुन्हा घेऊ या, एवढंच ती म्हणाली होती. त्यानंतर ती वाढलेला बीपी रजिस्टरला लिहायची, पण तोंडाने सांगायची नाही. कुणी विचारलं तर "लिहिलंय की" म्हणायची. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

म्हणून तुला न विचारता काय करायचं, ते सिस्टरांबरोबर बसून ठरव आणि प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लाव. बाळ बाहेर आल्याबरोबर रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, १० युनिट, मांडीत. रक्तस्राव थांबत नसेल तर गर्भाशय चोळायचं, सलाईन लावायचं, १०८ ला फोन करायचा, तुला निरोप त्याच धावपळीत कुणीतरी द्यायचा. तुझ्या होकारासाठी थांबायचं नाही. गाडी बोलावली आणि गरज पडली नाही, तरी "बरं केलंस" म्हण. चुकलंच कुणाचं तर दार लावून बोल, आणि तालुक्याहून विचारणा आली तर उत्तर तू दे. पाठीशी कुणी आहे हे कळल्याशिवाय माणूस जबाबदारी अंगावर घेत नाही गं.

बायांना हे झेपेल का, असं कुणी म्हणालं तर जामखेडचं सांग. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तिथे काम उभारलं, ते शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या करून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाला तपासायला, इंजेक्शनसुद्धा द्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज तुझ्या आशा बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जातात, त्याची वाट तिथूनच निघाली.

आशांची मासिक सभा रजिस्टर तपासण्यातच संपते. तू आधी त्यांना बोलू दे, त्यांच्या पावरी बोलीत बोलल्या तरी चालेल. समजावून सांगणारी कुणीतरी निघेलच. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पोरं कुठल्या पाड्यावर सारखी आजारी पडतात, ते त्यांना ठाऊक असतं. तपासणीचं शिबिर आधी कुठे घ्यायचं ते त्यांनाच ठरवू दे, आणि मग ते बदलू नकोस. एखादवेळी सभा आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना चालवायला सांग, तू मागे बस.

त्यांच्या मोबदल्याचे पैसे कुणाकुणाचे अडकलेत ते या महिन्यातच विचारून घे. वर पाठवायचं पत्र तुझ्या सहीने जाऊ दे.

तुझी,
आई